खडकवासला जवळ, वाट मात्र लांबची

सातारा शहरापासून वीसएक किलोमीटरांवर अपशिंगे नावाचे गाव आहे. सरकारदरबारी आणि एस.टी.च्या पाटीवर त्याच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द लागतो. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने तेथे स्मृतिस्तंभ उभारला. अपशिंगे हे एक ठळक नाव झाले इतकेच. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ या तालुक्यांतून हिंडणाऱ्यास फौजेतून निवृत्त झालेला सुभेदार किंवा हवालदार भेटला नाही असे गाव सापडणे कठीण. या भूभागाचा लष्कराशी असलेला संबंध पिढ्यांचा आहे, आणि त्याचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. तथापि अर्थशास्त्राच्या शिक्षकास या अभिमानाखाली एक रूक्ष हिशेबही दिसतो.

सह्याद्रीच्या पूर्वेकडील हा पट्टा पर्जन्यछायेचा. शेतीवर घर चालत नाही, म्हणून येथील माणसाने तीन वाटा शोधल्या. एक मुंबईची : गिरणीत, पुढे माथाडी म्हणून. दुसरी गलाईची : खानापूर-आटपाडीकडील माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात भारतभर पसरली. तिसरी फौजेची. यांपैकी गिरणी बंद झाली, गलाईला भांडवल आणि ओळख लागते. फौजेला मात्र केवळ छाती आणि दम लागत असे. पंधरा-सतरा वर्षांची नोकरी, दरमहा घरी येणारी रक्कम आणि त्यानंतर आयुष्यभराचे निवृत्तिवेतन एवढ्या आधारावर कोरडवाहू गावांतील कितीतरी विहिरी खणल्या गेल्या, बहिणींची लग्ने झाली आणि धाकटी भावंडे पदवीपर्यंत शिकली.

तो आधार आता बदलला आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेखाली शिपाई म्हणून भरती होणाऱ्या तरुणाची नेमणूक चार वर्षांची असते. पहिल्या वर्षी दरमहा ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार, त्यातून ३० टक्के कपात, आणि अखेरीस सरकारी वाट्यासह साधारण पावणेबारा लाखांची एकरकमी सेवानिधी. निवृत्तिवेतन नाही. चारातील एकालाच पुढे कायम होण्याची संधी. योजनेच्या लष्करी गुणदोषांची चर्चा तज्ज्ञांनी करावी. येथे प्रश्न घरखर्चाच्या वहीचा आहे. ज्या घराने तीन पिढ्या फौजेकडे स्थैर्य म्हणून पाहिले त्या घराला आता बावीस-पंचवीस वर्षांचा मुलगा पुन्हा ओसरीवर बसलेला दिसण्याचा संभव आहे. अशा वेळी त्याच फौजेत कायम नेमणुकीचा, निवृत्तिवेतनाचा आणि प्रतिष्ठेचा जो दुसरा दरवाजा आहे, त्याकडे आपली मुले का वळत नाहीत, हा प्रश्न पूर्वी हौसेचा होता. आज तो निकडीचा झाला आहे.

दुसरा दरवाजा म्हणजे अधिकारीपदाचा, आणि त्याचे सर्वांत मोठे प्रवेशद्वार राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी हे होय. पंडित नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी खडकवासल्यास तिची कोनशिला बसवली आणि १९५५ च्या जानेवारीत तिचे रीतसर उद्घाटन झाले. तिच्या मुख्य इमारतीचे नाव 'सुदान ब्लॉक'. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकांनी आफ्रिकेत केलेल्या बलिदानाची कृतज्ञता म्हणून सुदानने दिलेली देणगी तिच्या उभारणीस लागली. त्या बलिदानात मराठा पलटणींचाही वाटा होता. म्हणजे ज्या भिंती आपल्या आजोबा-पणजोबांच्या रक्ताच्या मोबदल्यात उभ्या राहिल्या, त्या सांगलीहून चार-पाच तासांच्या अंतरावर आहेत, आणि आपल्या मुलांनी त्या बहुधा शाळेच्या सहलीत, बसच्या खिडकीतूनच पाहिल्या आहेत!

अधिकारीवर्गात मराठी मुले पुरेशी दिसत नाहीत, ही खंत नवी नव्हे. देशातील पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते, आणि ते स्वतः देवराष्ट्र्याचे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातले. पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्र शासनाने औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सेवापूर्व शिक्षण संस्था काढली ती याच खंतीपोटी : दहावीनंतर निवडलेल्या मुलांना अकरावी-बारावीची दोन वर्षे ठेवून घ्यावे आणि त्यांची प्रबोधिनीसाठी तयारी करून घ्यावी. दोन्ही संस्थांनी आपले काम केले आहे. साताऱ्याच्या शाळेने देशाला हवाईदलप्रमुख प्रदीप नाईक दिले. २०१५ मध्ये काश्मीरमध्ये धारातीर्थी पडलेले कर्नल संतोष महाडिक हेही तिचेच विद्यार्थी. परंतु एक शाळा आणि एक संस्था बारा कोटींच्या राज्याला पुरणार नाही हे सांगण्यास संख्याशास्त्र लागत नाही. बहुसंख्य मुलांना ही वाट आपल्या साध्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयातूनच चालावी लागणार.

ती चालता येण्यासारखी आहे काय? माझे उत्तर आहे, होय. पण चुकीच्या ठिकाणी दम खर्च केला नाही तर.

लेखी परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. साडेसोळा ते साडेएकोणीस ही वयाची मर्यादा. बारावी उत्तीर्ण झालेला किंवा बारावीत शिकणारा अविवाहित उमेदवार तिला बसू शकतो, अकरावीतला नाही. गणिताला ३०० गुण, सामान्य क्षमता चाचणीला ६००. त्यांतले २०० इंग्रजीचे आणि ४०० विज्ञान, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी यांचे. चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण वजा. प्रत्येक वेळी प्रबोधिनीतील साधारण ३७० जागा आणि त्याखेरीज नौदल अकादमीच्या तीसएक. अर्ज करणारे लाखोंनी असतात, म्हणून पालक घाबरतात. पण हा आकडा फसवा आहे. गेल्या काही वर्षांत लेखी परीक्षेची किमान गुणरेषा ९०० पैकी सुमारे तीनशे ते साडेतीनशेच्या आसपास राहिली आहे, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून फार वर नाही. बारावीला पंच्याऐंशी टक्के मिळवणाऱ्या आपल्या मुलाला जे प्रश्न एरवी सुटतात त्यांतले निम्मे, न घाबरता, अडीच तासांत अचूक सोडवता आले तरी तो पुढच्या टप्प्यावर जातो. लाखो अर्जांपैकी पुष्कळ अर्ज कसलीही तयारी नसलेल्यांचे असतात. खरी स्पर्धा त्यामानाने लहान आहे, आणि बाजारातील गर्दी व खरी मागणी यांतला हा भेद आम्ही प्रथम वर्षाच्या वर्गात शिकवतो.

घोटाळा होतो तो त्याही आधी, दहावीनंतरच्या जून महिन्यात. अकरावीला विषय निवडताना 'डॉक्टरकी झाली तर झाली' म्हणून मुले जीवशास्त्र घेतात आणि गणित सोडतात. कला व वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्यांपैकी पुष्कळांचे गणित सुटलेलेच असते. हवाईदल आणि नौदल यांसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित अनिवार्य. भूदलासाठी कोणतीही शाखा चालते, हे खरे. पण परीक्षेतील गणिताचे ३०० गुण कोणत्याही शाखेच्या मुलाला माफ नाहीत. सोळाव्या वर्षी, शेजाऱ्याचा मुलगा काय करतो एवढ्यावरून घेतलेला निर्णय सतराव्या वर्षीचे दार बंद करून टाकतो, आणि हे दार होते याची माहिती मुलाला अठराव्या वर्षी मिळते. माझ्या वर्गात दरवर्षी तीन-चार मुले अशी असतात. पदवीच्या दुसऱ्या वर्षी ती येऊन विचारतात, 'सर, एन.डी.ए.ला आता बसता येईल का?' वय उलटलेले असते. त्यांना पदवीनंतरच्या संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेची वाट दाखवावी लागते, ज्यात चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी गणिताची उत्तरपत्रिका नसते. किंवा छात्रसेनेचे 'सी' प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीला जाता येणारी वाट. या वाटाही चांगल्या आहेत. पण त्या शोधाव्या लागतात यातच आपल्या व्यवस्थेचे अपयश आहे.

लेखी परीक्षेनंतर सेवा निवड मंडळाची मुलाखत. तिला मुलाखत म्हणणे कमीपणाचे आहे. ती पाच दिवसांची पारख असते आणि तिलाही तेवढेच, ९०० गुण. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि चित्र पाहून गोष्ट लिहिणे व गटात तिची चर्चा; येथेच निम्म्याहून अधिक मुले परतीच्या गाडीत बसतात. दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय चाचण्या : बारा चित्रे, त्यांतले शेवटचे कोरे, साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद, अर्ध्या तासात साठ प्रसंग. मग दोन दिवस मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपे घेऊन अडथळे ओलांडायचे, एकट्याने आणि गटाने. मधेच एका अधिकाऱ्याशी तासभर बोलणे. शेवटी सर्व परीक्षकांसमोर काही मिनिटे.

या पाच दिवसांचा पाया मात्र एका साध्या छापील कागदावर असतो. केंद्रावर पोहोचताच उमेदवाराकडून वैयक्तिक माहितीचा तक्ता भरून घेतात. राहण्याचे ठिकाण आणि त्याची लोकसंख्या, आईवडिलांचे शिक्षण, व्यवसाय व उत्पन्न, दहावीपासूनचे गुण, खेळ, छंद, छात्रसेना, जबाबदारीची पदे. मुलाखत घेणारा अधिकारी हा तक्ता समोर ठेवूनच बोलतो. खरा अर्ज हाच. आयोगाकडे पाठवलेला अर्ज तुम्हाला परीक्षेच्या खोलीत नेतो. हा कागद तुम्ही कोण आहात ते सांगतो.

जत तालुक्यातील एका मुलाने केंद्रावरून परत आल्यावर हा तक्ता आपण कसा भरला ते मला आठवून सांगितले. खेळ : नाही. छंद : वाचन. जबाबदारीचे पद : नाही. मी त्यास विचारले, गावात संध्याकाळी काय करतोस? तो कबड्डीच्या संघात चढाई करीत होता आणि संघ तालुक्याला खेळला होता. गावच्या दूध संकलन केंद्रावर वडिलांच्या जागी बसून तो सकाळी फॅट मोजत असे आणि दहा दिवसांचा हिशेब लिहीत असे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले तेव्हा मामाच्या गावी अडकलेला हा मुलगा तीन दिवस पूरग्रस्तांच्या जेवणाची यादी आणि वाटप सांभाळत होता. तेव्हा तो आठवीत होता. यांपैकी एकही गोष्ट त्याने लिहिली नाही. का? तर 'सर, ते कॉलेजचं नव्हतं ना.' प्रमाणपत्र नाही ते घडलेच नाही, असे आपल्या शिक्षणाने त्याच्या मनावर बिंबवले आहे. शहरातल्या शाळेत वर्गप्रतिनिधी असलेल्या मुलाने ते पद निःसंकोच लिहिले असेल, आणि त्यात वावगे काहीच नाही.

या तक्त्याची तयारी म्हणजे खोटे रंगवणे नव्हे. खोटे तेथे टिकत नाही. तीन वेगवेगळे परीक्षक तीन वेगवेगळ्या पद्धतींनी त्याच माणसाकडे पाहतात आणि शेवटच्या दिवशी आपली टिपणे जुळवून पाहतात. 'ट्रेकिंग हा माझा छंद' असे लिहिणाऱ्यास पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना वाटेत कोणती गावे लागतात हे सांगता आले नाही, तर तो शब्द त्याच्या गळ्यात अडकतो. तयारी म्हणजे जे केले त्याचा नीट विचार करणे : संघात माझे काम काय होते, हिशेबात तूट आली तेव्हा मी काय केले, वडील आणि संस्थेचा सचिव यांत वाद झाला तेव्हा कोणाची बाजू मला पटली आणि का. माझ्या तालुक्याला पाणी कोणत्या योजनेचे, ते कोठून उचलतात, द्राक्षाचा भाव कोण ठरवतो, बेदाण्याचे सौदे तासगावात कसे होतात. म्हैसाळ आणि टेंभू या शब्दांमागचे राजकारण, अभियांत्रिकी आणि अर्थकारण ज्यास सुसंगतपणे सांगता येते त्यास आपल्या परिसराची जाण आहे हे कोणत्याही प्रांताचा अधिकारी ओळखेल. त्यासाठी पुण्यामुंबईच्या वर्गाची फी भरावी लागत नाही. भाषेची अडचण खरी आहे. पण ती व्याकरणाहून अधिक भिडेची आहे. आठ अनोळखी मुलांच्या कोंडाळ्यात, चुकीच्या का होईना इंग्रजीत, आपला मुद्दा मांडून दुसऱ्याचाही ऐकून घेणे ही सवय आहे आणि ती दोन वर्षांत लागते. आमच्या वर्गांत मात्र विद्यार्थी बारावीपर्यंत एकदाही उभा राहून पाच मिनिटे बोललेला नसतो. तो बोललेला नसतो, कारण आम्ही बोलत असतो.

येथे जिल्ह्याच्या एका भरभराटलेल्या धंद्याविषयी लिहिणे भाग आहे. विटा असो की इस्लामपूर, रस्त्याच्या कडेला भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या अकादम्यांचे फलक दिसतात. पहाटे चारला मुले डांबरी रस्त्यावरून सोळाशे मीटर धावत असतात. त्यांतले काही चालक निवृत्त सैनिक आहेत, मनापासून राबतात, आणि शिपाई व पोलीस भरतीसाठी त्यांचा उपयोगही होतो. पण आता त्याच फलकांवर एन.डी.ए. ही अक्षरे रंगवली जाऊ लागली आहेत, आणि आत मात्र तीच धाव, तेच दंडबैठक. पालक फी भरतात ती अक्षरे वाचून. ज्या वस्तूची प्रत ग्राहकास विकत घेण्यापूर्वी कळत नाही, तिच्या बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो, हा सिद्धान्त जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने मांडला आणि त्यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. पालकाने एवढेच विचारावे : गणित कोण शिकवते, आणि आठवड्यातून किती तास? उत्तर टाळले गेले तर मुलाला गावच्याच महाविद्यालयात ठेवून गणिताच्या चांगल्या शिक्षकाकडे पाठवावे. १९९५ नंतर राज्यात जिल्ह्याला एक सैनिकी शाळा हे धोरण आले. गणवेश आणि संचलन म्हणजे अधिकारी घडवणे हा समज तेव्हापासून अधिक पक्का झाला, असे मला वाटते.

खर्चाची भीतीही बरीचशी अनाठायी आहे. परीक्षेचे शुल्क शंभर रुपये, आणि ते मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना, तसेच जवान, हवालदार, सुभेदार यांच्या मुलांना माफ. निवड मंडळाकडे पहिल्यांदा जाणाऱ्यास रेल्वेभाडे मिळते. प्रबोधिनीतील तीन वर्षांचे राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके, औषधोपचार सरकारकडून. पालकांनी खिशाखर्च तेवढा द्यायचा. शेवटी पदवी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. त्यानंतर डेहराडून, एझिमला किंवा दुंडीगलच्या अकादमीत गेल्यावर सातव्या वेतन आयोगानुसार दरमहा ५६ हजार १०० रुपये विद्यावेतन सुरू होते. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या चार वर्षांच्या फीपायी द्राक्षबागेवर कर्ज काढणाऱ्या पालकाने हे दोन हिशेब एका कागदावर शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

मुलींच्या बाबतीत तर चित्र पालटले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने प्रबोधिनीची परीक्षा त्यांना खुली झाली, २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली खडकवासल्याच्या संचलनातून बाहेर पडल्या. नाशिकला मुलींसाठी सेवापूर्व शिक्षण संस्था २०२३ पासून चालू आहे. कर्नल महाडिकांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी पतीच्या निधनानंतर चेन्नईचे खडतर प्रशिक्षण पुरे करून २०१७ मध्ये अधिकारीपद मिळवले, ही हकीकत साताऱ्यात घरोघर ठाऊक आहे. तरीही आमच्या महाविद्यालयात मी गेल्या वर्षी विचारले तेव्हा विज्ञान शाखेच्या मुलींपैकी दोघींखेरीज कोणासही ही परीक्षा आपल्याला खुली आहे याची कल्पना नव्हती.

प्रत्येक हुशार मुलाने लष्करात जावे असे मी म्हणत नाही. ते जीवन धोक्याचे आहे, बदल्यांचे आहे. डोळ्यांचा दोष, पायांची ठेवण, हातावर हौसेने काढलेले गोंदण एवढ्यावरूनही वैद्यकीय तपासणीत माणूस बाद होऊ शकतो, आणि ज्याचे मन त्यात नाही त्यास केवळ पगारासाठी तेथे ढकलणे अन्यायाचे. परंतु ज्यास जायचे आहे आणि ज्याच्यात कुवत आहे त्यास केवळ माहिती वेळेवर पोहोचली नाही म्हणून शिपायाच्या रांगेत उभे राहावे लागावे, ही निवड नव्हे.

माहिती पोहोचत नाही याचे कारणही अगदी साधे आहे. आयोगाची पहिली जाहिरात अलीकडे डिसेंबरात निघते, तेव्हा बारावीचा विद्यार्थी प्रात्यक्षिकांच्या वह्या पुऱ्या करण्यात बुडालेला असतो. दुसरी मे महिन्याच्या अखेरीस निघते, तेव्हा महाविद्यालयास कुलूप असते आणि सूचनाफलकावर उन्हाळी परीक्षेची जुनी वेळापत्रके फडफडत असतात. अर्जाची मुदत तीन आठवड्यांची. तेवढ्यात जन्मतारीख व नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे आहे की नाही ते पाहणे, छायाचित्र काढणे, तिन्ही दलांचा पसंतीक्रम विचारपूर्वक लावणे हे सारे व्हावे लागते. पसंतीक्रम तर बहुतेक जण सायबर कॅफेतल्या मुलाला विचारून लावतात. मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात रोज सकाळ-संध्याकाळ उघडी असणारी आणि प्रत्येक घरातले कोणीतरी जेथे जाते अशी एकच जागा आहे, ती म्हणजे दूध संकलन केंद्र. दहा दिवसांच्या बिलाबरोबर जाहिरातीचा अर्धा कागद वाटण्यास जिल्ह्यातील दूध संघांना काही पैशांचा खर्च येईल. माजी सैनिकांच्या संघटना आणि कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य यांनी येत्या मे महिन्यापूर्वी संघांकडे ही मागणी करावी. मजकूर लिहून देण्याचे काम माझ्यासारखे शिक्षक करतील.